कापसाच्या खोलीत जर्मन

2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला आणि आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. कारण आमचा कापूस डिसेंबरातच साडेआठ हजारानं गेला होता. साडेआठ म्हणजे तेव्हा चांगलाच भाव. व्यापाऱ्याची गाडी दारात आली, बाबांनी मोजून दिला, वर पेढेही आणले. चार महिन्यांनी आजी त्याच पेढ्यांवरून त्यांना टोचत होती. बाबांनी तेव्हाच ठरवून टाकलं, औंदा थांबायचं. भाव आल्याशिवाय कापूस घराबाहेर काढायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात मी जर्मनीला जायचं ठरवलं. दोन्ही निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण पुढचं वर्षभर ते एकाच खोलीत राहिले.

मी नर्स आहे. आमचं गाव आर्वी तालुक्यात. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस, कापसात तुरीचे तास, थोडं सोयाबीन. वर्ध्याकडे जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं केली आणि नागपूरला एका खाजगी दवाखान्यात लागले. पगार साडेतेरा हजार. त्यातले सात खोली आणि मेसमध्ये जायचे. माझ्यासोबत केरळच्या दोघी होत्या. नाइट ड्यूटीत पेशंट झोपले की त्या मोबाइल समोर ठेवून काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटायचं, प्रार्थना करत असतील. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देर, दी, दास."

जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं आहेत, तीच ही. पुल्लिंग देर, स्त्रीलिंग दी, नपुंसकलिंग दास. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग ही भानगड काय हे समजायलाच आठवडा लागतो. आपल्याला ते पाळण्यातच येतं. पण आपली लिंगं तिथं कामाला येत नाहीत. चमचा देर, काटा दी आणि सुरी दास. एका ताटातली तीन भांडी, तिघांची तीन लिंगं. मुलगी मात्र नपुंसक, दास मेडशन. यावर वर्गात सगळे हसले होते. मला काही वाटलं नाही, आमच्याकडेही "ते पोट्टं" म्हणतातच.

वर्ग लावायच्या आधी एका एजंटाकडे जाऊन आले. ऑफिसात एसी, भिंतीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे. साडेतीन लाख सांगितले, त्यातले दोन आधी. जर्मन भाषा "तिथं गेल्यावर आपोआप येते" असंही सांगितलं. नशीब असं की गावात शेजारचा एक दादा कतारला वेल्डिंगचं काम करून परत आला होता. मी त्याला विचारलं. त्यानं जे सांगितलं ते कुठल्याही सल्लागारापेक्षा उपयोगी पडलं. त्याची दहावी राहिलेली, म्हणून त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया वगैरे मिळून अठरा देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नोंद लागते आणि एजंटकडे परवाना असावा लागतो. परवान्याच्या एजंटाला तीस हजार आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. "तुमी किती दिले?" मी विचारलं. "एक लाख दहा." "पावती?" "तीस हजाराची." मग तो म्हणाला, "तू दहावी पास हायेस, तुले तो शिक्का नाही लागत. पर येक पाय, तिकीट कोन काढून रायलं. मालक काढत असन त जा. तुले काढा लागत असन त इचार कर."

हे मी वहीत लिहून ठेवलं. पुढं कळलं की जर्मनीत नर्स भरतीसाठी सरकारी गुणचिन्हच आहे, ज्यात भरतीचा खर्च नर्सकडून घ्यायचा नाही, मालकानं करायचा, अशी अट असते. म्हणजे कतारवाल्या दादानं पारावर बसून सांगितलं तेच त्या चिन्हाच्या अटींत होतं. मी तसं चिन्ह असलेली संस्था शोधली. ते म्हणाले, बी-वन पास करून या, मग बोलू. जर्मनच्या परीक्षांच्या अशा पायऱ्या असतात, ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "किती खर्च लागन?" आई काहीच बोलली नाही. आजीनं बराच विचार करून विचारलं, "तिथले लोकं आपल्यासारखेच हागतात-मुततात नं? मंग होते तुह्यानं." नर्सिंगचं इतकं नेमकं वर्णन मी नंतरही कुठं ऐकलं नाही.

जुलैत पुण्याच्या एका सरांचा ऑनलाइन वर्ग लावला. दवाखान्याच्या पाळ्या आणि वर्गाची वेळ जुळेना, म्हणून ऑक्टोबरात नोकरी सोडून घरी आले. ए-वन संपून ए-टू सुरू झालं आणि तिकडे वेचणी सुरू झाली. गावात मोबाइलची रेंज सगळीकडे नाही. आमच्या घरात ती फक्त आतल्या खोलीच्या खिडकीत येते. आणि आतल्या खोलीत बाबांनी कापूस भरायला घेतला.

दिवाळीनंतर कापूस गुडघ्यापर्यंत आला, डिसेंबरात कमरेपर्यंत. संक्रांतीला वीस-बावीस क्विंटल झाला तेव्हा दारापासून खिडकीपर्यंत जायला कापसावर चढूनच जावं लागे. मी खिडकीजवळ खड्डा करून त्यात बसायचे. मांडीवर वही, खिडकीच्या गजाला मोबाइल. त्या खोलीत चार्जर लावायला बाबांची सक्त मनाई. ठिणगी पडली तर वर्षाचं पीक आणि पोरगी एकदमच जायची. म्हणून मोबाइल बाहेर पूर्ण चार्ज करून आणायचा, दीड तासाच्या वर्गात तो वीस टक्क्यांवर यायचा, आणि सर नेमके तेव्हाच माझा नंबर घ्यायचे. खाज तर विचारू नका. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला किती खाज सुटते हे त्या साली विदर्भातल्या घराघरात कळलं, कारण आमच्यासारखे कितीतरी जण घरात कापूस धरून बसले होते. मानेवर, कोपराच्या आत पुरळ. रात्री उंदीर.

एक गोष्ट मात्र चांगली होती. एक दिवस सरांनी विचारलं, "तुमचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येतो. स्टुडिओत बसता का?" मी कॅमेरा फिरवला. वर्गात पुण्या-मुंबईची चौदा जणं होती, सगळी गप्प झाली. मग सरांनी फळ्यावर लिहिलं, बाउमवोले. बाउम म्हणजे झाड, वोले म्हणजे लोकर. झाडाची लोकर. आमच्या वर्गात हा शब्द कुणीही कधी चुकला नाही.

जानेवारीत भाव आठ हजार, थोडा वर. "थांबा," बाबा म्हणाले. फेब्रुवारीत आठच्या खाली. "मार्चात येईन भाव." मार्च गेला. एप्रिलमध्ये मी ए-टू पास झाले आणि त्याच आठवड्यात आत्या म्हणाली की पोरगी पास झाली त नारळ फोड. बाबा म्हणाले, कापूस जाऊ दे, मंग दोन्हीचा संगच फोडू. कापूस मेच्या शेवटी गेला, सात हजार तीनशेनं, पेरणीच्या बियाण्याला पैसे लागत होते म्हणून. सुकून वजनातही घट आली होती ती वेगळीच. नारळ राहूनच गेला.

खोली रिकामी झाली त्या दिवशी मी तिथं उभी राहून काहीतरी बोलले आणि माझा आवाज भिंतींवर आदळून परत आला. सहा महिने मी त्या खोलीत जर्मन बोलत होते आणि माझा आवाज कापूस खात होता.

बी-वन आणि बी-टू पुण्यात केलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेले. सहा जणींत एक खोली, सकाळी वर्ग, दुपारनंतर एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काम. आईनं बचत गटातून चाळीस हजार उचलले, ते मी महिन्याला थोडे थोडे फेडत होते. पुण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की खोलीतल्या मुलींनी माझं मराठी सुधारायला घेतलं. आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा य होतो. डोया, शाया, काया. मी "मले" म्हटलं की एक जण लगेच "मला" म्हणायची. तिचा हेतू वाईट नव्हता. पण एका वेळी दोन भाषांत चुकण्याचा कंटाळा आला होता, म्हणून मी हळूहळू मराठीत कमीच बोलायला लागले.

बी-टूच्या परीक्षेचे चार भाग असतात. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात शंभरात साठ लागतात. डिसेंबर 2023 मध्ये मी तीन पास झाले आणि ऐकण्यात त्रेपन्न आले. ध्वनिफितीत एक बाई घाईघाईत रेडिओवर मुलाखत देत होती, विषय शहरातली मधमाशीपालनाची हौस. मी मधमाशी हा शब्द पकडून बसले तोवर बाई पुढं निघून गेली. नापास झालेला भाग तेवढाच परत देता येतो, ही त्यातल्या त्यात दया. फेब्रुवारीत त्र्याहत्तर आले.

त्याच फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारचा आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याचा करार झाला, दहा हजार कुशल तरुण पाठवायचे म्हणून. बातमी मला गावातून निदान तीस जणांनी पाठवली. पैकी निम्म्यांचा समज असा झाला की मला सरकारनंच निवडलं. मी खोडून काढायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. त्यामुळे बाबांचा सोसायटीतला मान वाढला असेल तर वाढू दे.

मार्चमध्ये मुलाखत झाली, व्हिडिओवर, समोर तिघं. रॉयटलिंगन जिल्ह्यातलं एक इस्पितळ. करार आला तो मी चार वेळा वाचला. भरतीचा खर्च मालकाचा असला तरी त्यात एक कलम होतं की दोन वर्षांच्या आत सोडून गेलीस तर संस्थेनं केलेला खर्च परत करायचा. सरांनी सांगितलं की असं कलम आलं की विचारायचं, किती आणि कसं. मी विचारलं. त्यांनी महिन्यागणिक कमी होत जाणारी रक्कम लिहून दिली. न विचारता सही केली असती तर अख्खी रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर राहिली असती. जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते. दुसरं एक सांगते, करारावरचा पगार हा कपातीआधीचा, ठोक असतो. माझा 2,750 युरो होता. मामानं लगेच नव्वदनं गुणलं आणि आकडा सगळ्या नात्यात फिरवला. कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून हातात 1,900 च्या आतच येतात, आणि त्यातून खोलीचं भाडं द्यायचं असतं, हा दुसरा गुणाकार कुणी फिरवला नाही.

कागदपत्रांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक जणी तिथंच अडकतात.

पासपोर्ट सोपा. नागपूरला गेले, पंधराशे रुपये फी, गावात पोलीस चौकशी, तीन आठवड्यांत घरी. नाव सोपं नव्हतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधारवर आडनाव शेवटी. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत वडिलांच्या नावातला व डब्ल्यूनं, पासपोर्टवर व्हीनं. आपल्याकडे हे कुणी बघत नाही. तिकडून पत्र आलं की या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत का? मग शंभरच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, की मी, मी आणि मी एकच आहे. त्याचं जर्मन भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडून. भाषांतरकारानं बाबांच्या नावाचा उच्चार विचारायला फोन केला होता. त्या फोनवर मला पहिल्यांदा वाटलं की हे खरंच होणार आहे.

मग तास. जर्मनीत तुमच्या शिक्षणाची तुलना तिथल्या शिक्षणाशी करतात आणि ती तासांत करतात. कोणत्या विषयाचे वर्गात किती तास, वॉर्डात किती तास. माझ्या कॉलेजनं असा तक्ता कधी दिलाच नव्हता. मी पाच चकरा मारल्या. क्लार्क म्हणायचे, मॅडम सुट्टीवर. मॅडम म्हणायच्या, क्लार्ककडे फॉर्म. शेवटी मीच नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमावरून तक्ता टाइप केला, छापून नेला आणि सही-शिक्का घेतला. हे आधीच करायला हवं होतं. पाच चकरांचं एसटीभाडं तरी वाचलं असतं.

सगळी फाइल श्टुटगार्टच्या शासकीय कार्यालयात गेली, आणि जुलै 2024 मध्ये उत्तर आलं. त्या पत्राला डेफित्सितबेशाइड म्हणतात, म्हणजे उणिवांचा दाखला. तुमच्या शिक्षणात आमच्या मानानं काय कमी आहे त्याची यादी. तिथं जाऊन एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायचं नाही तर परीक्षा द्यायची, तोवर सहायक म्हणून काम. यादीत एक उणीव होती, वृद्धांची शुश्रूषा. हे पत्र मी वाचत होते तेव्हा आजीचे पाय माझ्या मांडीवर होते, मी तेल लावत होते. मी तिला सांगितलं की जर्मन सरकारच्या मते मला म्हाताऱ्यांचं काही येत नाही. ती म्हणाली, "बरोबरच लिवलं. किती गरम तेल लावते तू."

आता मला जे खरं सांगायचं आहे ते त्या जुलै-ऑगस्टचं आहे.

जूनमध्ये मी पुणे सोडून घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, तीन-चार आठवडे. ते साडेचार महिने झाले. मेमध्ये माझ्या भावाचं, दादाचं लग्न झालं होतं. आतली खोली रंगवून दादा-वहिनीला दिली होती, ते बरोबरच होतं. माझी पुस्तकं एका पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. माझा पलंग आजीनं घेतला होता. मी पडवीत गादी टाकायचे. याचं मला वाईट वाटलं नाही, मी जाणारच होते.

पण हळूहळू लक्षात आलं की घरातल्या गोष्टी मला कळत नाहीत. सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं ते मला शेजारणीकडून कळलं. औंदा एक एकर कपाशी कमी करून सोयाबीन वाढवलं, ते मी वावरात गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आधी फवारणीच्या औषधाचं नावसुद्धा आई मला विचारायची, वाच म्हणायची. आता डबा वहिनीकडे जायचा. मी एकदा चिडून आईला म्हटलं, मला सांगितलं का नाही? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुले काय सांगाचं, तू त जाऊन रायली नं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. पीठ संपत आलं म्हणावं तसं म्हटलं. दोन वर्षं मी रोज घरात सांगत होते, मी जाणार, मी जाणार. त्यांनी मनावर घेतलं. मी नसताना घर कसं चालवायचं याची तालीम त्यांनी मी असतानाच सुरू केली आणि तालमीत माझी अडचण व्हायला लागली. माझ्या हातात विसा नव्हता, पण घरात माझं जाणं होऊन गेलं होतं.

गावाचंही तेच. किराणा दुकानात, हापशीवर, एसटी स्टँडवर एकच प्रश्न. "काऊन वं, गेली नाही का अजून?" पहिला महिना मी प्रक्रिया समजावून सांगायचे. नंतर दुपारी बाहेर निघणंच सोडलं. एकानं तर बाबांना सांगितलं की एजंटानं फसवलं असन, पोलिसात द्या. पोळ्याच्या दिवशी बैल दारात आले, वहिनीनं पूजा केली. ती माझीच जागा होती, दर वर्षी मीच करायची, आणि मी पाहुणीसारखी मोबाइलवर फोटो काढत होते. वहिनीनं माझ्या हातात ताट द्यायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, नको, तूच कर, तुझा पहिला पोळा आहे. ते खरंही होतं. एकट्या आजीचं वागणं बदललं नाही, कारण मी जाईन यावर तिचा शेवटपर्यंत विश्वासच नव्हता.

विसाची मुलाखत ऑगस्टच्या शेवटी मुंबईत झाली. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर बसून गेले, बोटांचे ठसे, फोटो, कागद, वीस मिनिटांत बाहेर. मग वाट. सप्टेंबर. ऑक्टोबर. सोयाबीन निघालं, चार हजार दोनशेनं गेलं, हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव असताना. बाबांनी या खेपेला थांबायचं नाव काढलं नाही. विसा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला.

निघायच्या दिवशी फार काही झालं नाही. कापूस फुटला होता, सकाळी वावरात सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा होती, आई आणि वहिनी दहीभात घेऊन तिकडून आल्या आणि हात धुऊन माझी बॅग भरायला बसल्या. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, वाळल्या मिरच्या, ठेचा. तुपाची बरणी बाबांनी वर्धा स्टेशनवर बॅगेतून परत काढली, कारण युरोपात बाहेरून दूधदुभतं न्यायला बंदी आहे हे मी सांगून सांगून थकले होते आणि आईनं तरी ती साडीत गुंडाळून घातलीच होती. बाबा फलाटावर बरणी हातात धरून उभे होते. गाडी सुटली तेव्हा त्यांना हात हलवता येईना, बरणी होती म्हणून.

मुंबईहून फ्रांकफुर्ट नऊ तास, पुढं रेल्वे. इथं आल्यावर पहिलं काम नगरपालिकेत नोंद आणि दुसरं दाराच्या घंटीवर आडनाव. घंटीखाली आणि पत्रपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. घराला नंबर असून चालत नाही. मी कागदाची चिठ्ठी चिकटवली, घरमालकीण बाईंनी ती काढून छापील पट्टी लावली.

बी-टूची जर्मन पहिल्याच दिवशी कोलमडली. इथले लोक श्वेबिश बोली बोलतात. पुस्तकात "इख हाबे दुर्स्ट", मला तहान लागली. वॉर्डात ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी म्हटलं, "इ हान दुर्श्ट." मला समजेना, त्यांना पाणी मिळेना. आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी ले. घराचं हॉइसले, थोडंसंचं बिस्ले, मुलगी मेडले. "मेडले, इकडे ये." पुण्यात ज्या "मले-तुले"वरून मला दुरुस्त करत होते त्याच ले-चा इथं सगळ्या वॉर्डात पाऊस. त्यांच्या ले-चा अर्थ लाडानं लहान करणं, आमच्या ले-चा "ला". तरी कान सरावलेला होता. आठवडाभरात मी "बिस्ले" म्हणायला लागले आणि म्हाताऱ्या खूश झाल्या. हॅनोवरकडून आलेली एक जर्मन नर्स तीन महिने धडपडत होती.

काम वेगळं आहे, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. नागपुरात मी दिवसाला वीस-वीस सलाईनच्या सुया लावायची. इथं आमच्या वॉर्डात ते डॉक्टर करतात. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक करतात, इथं ते नर्सचं काम. पहिल्या महिन्यात मला अपमान वाटला. मग आजीचं ते वाक्य आठवायचं. सप्टेंबर 2025 मध्ये मी परीक्षा दिली, एक दिवस वॉर्डात प्रत्यक्ष काम आणि एक दिवस तोंडी. पास झाले. आता मी पूर्ण नर्स आहे, पगारही वाढला, बचत गटाचं खातं बंद झालं.

रॉयटलिंगन जुनं कापडगिरण्यांचं गाव. वॉर्डातल्या एका बाईंनी तरुणपणी सूतगिरणीत काम केलेलं. बाबा काय पिकवतात विचारलं, मी बाउमवोले म्हटलं, तर त्यांनी विचारलं की किती लांबीचा धागा? मला माहीत नव्हतं. रात्री बाबांना फोन केला. इथं हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, घड्याळ मध्येच बदलतं, त्याचा आईला राग येतो, त्यामुळे मी नेमकी त्यांच्या झोपेत फोन करते. बाबा झोपेतून उठले आणि वीस मिनिटं धाग्यावर बोलले. इतकं ते माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. राशन कार्डावर प्रत्येकाचा अंगठा लागतो आहे, माझा लागत नाही, दुकानदार कटकट करतो. माझ्या नावाचे पाच किलो धान्य इतके दिवस येत होते, आई ते आत्याला द्यायची.

"तुयं नाव काढा लागते," दादा म्हणाला. मग थोडं थांबून, "काढू नं?"

"काढ," मी म्हटलं.

दादा सेतू केंद्रात गेला आणि तिथूनच परत फोन लावला. युनिट कमी करायचं कारण लिहावं लागतं. केंद्रावरच्या पोरानं सांगितलं की लोक दोनच कारणं सांगतात, लग्न किंवा मृत्यू.

"तिसरं नाही का काही?" मी विचारलं.

मागून टाइप केल्याचा आवाज येत होता. दादानं फोनवर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं, मग मला वाचून दाखवलं. त्या पोरानं लिहिलं होतं, कामानिमित्त बाहेरगावी.